रंगांची वाट पाहणारा चित्रकार

चित्रकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस उभा राहतो. त्याच्या एका हातात ब्रश असतो, दुसऱ्या हातात रंगांची पाटी असते. समोर मोठा कॅनव्हास असतो आणि त्यावर त्याचा हात भराभर फिरत असतो. मनात कल्पना आली की तो रंगवायला बसतो आणि चित्र पुरे करूनच उठतो, असे आपल्याला वाटते.

चित्रकार ज्या खोलीत काम करतो, त्या खोलीला स्टुडिओ म्हणतात. तेथे रोज नेमके काय चालते? चित्र कसे सुरू होते, कसे वाढते आणि ते पूर्ण झाले हे कसे ठरते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपण एका मोठ्या भारतीय चित्रकाराची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव वासुदेव संतू गायतोंडे.

गायतोंडे वर्षाला फार तर पाच-सहा चित्रे पूर्ण करीत. वर्षाचे दिवस तर तीनशे पासष्ट! मग उरलेल्या दिवसांत ते काय करीत? ते आळशी होते का? मुळीच नाही. उरलेल्या दिवसांतही त्यांचे काम चालूच असे. मात्र ते काम पाहणाऱ्याला दिसत नसे.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. त्यांचे आईवडील मूळचे गोव्याचे. गायतोंडे मुंबईत, गिरगावातील चाळीत वाढले. त्यांना लहानपणापासून चित्रांची आवड होती. पुढे त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये तेथील पदविका मिळवली.

कलाशाळेत पहिल्या दिवसापासून मनासारखे चित्र काढायला मिळत नाही. तेथे आधी हात आणि डोळा तयार करावा लागतो. समोरची वस्तू जशी आहे तशी काढायची, उजेड कोठून येतो व सावली कोठे पडते हे पाहायचे, माणसाच्या शरीराची प्रमाणे शिकायची, एका रंगात दुसरा मिसळला की काय होते हे अनुभवायचे, असा हा अभ्यास असतो. गायकाला जसा रियाज, तसा चित्रकाराला हा सराव. गायतोंडे यांनीही तो केला. त्यांनी जुन्या भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसांच्या आकृती आहेत, ठसठशीत रेषा आहेत आणि तेजस्वी रंग आहेत.

तो काळ भारतीय चित्रकलेत मोठ्या बदलाचा होता. १९४७ मध्ये मुंबईत काही तरुण चित्रकारांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप नावाचा गट स्थापन केला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे त्याचे पहिले सभासद. आपली चित्रे नव्या काळाची असावीत, अशी त्यांची इच्छा होती. पुढे गायतोंडे यांचाही या गटाशी संबंध आला. मात्र त्यांचा स्वभाव एकट्याने काम करण्याचा होता. मित्रांबरोबर राहूनही त्यांनी आपली वाट वेगळी ठेवली.

हळूहळू त्यांच्या चित्रांत बदल होत गेला. पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराची चित्रे त्यांना फार आवडत. क्ले यांच्या चित्रांतील साध्या रेषा आणि रंगांचा मेळ पाहून त्यांना नवी दिशा सापडली. आधी माणसांच्या आकृती सोप्या झाल्या, मग त्या केवळ आकार बनल्या आणि शेवटी आकृती उरलीच नाही. उरला फक्त रंग, उजेड आणि काही खुणा. अशा चित्रांना सामान्यतः अमूर्त चित्रे म्हणतात. ज्यात ओळखता येण्यासारखी वस्तू नसते, ते अमूर्त. गायतोंडे यांना मात्र हा शब्द पसंत नव्हता. आपल्या चित्रांत वस्तू नसते एवढेच म्हणावे, असे त्यांचे मत होते.

चित्रात झाड नाही, घर नाही, माणूस नाही, तर मग पाहायचे काय? असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो योग्यच आहे. याचे उत्तर तुमच्या ओळखीच्या एका कलेत आहे. सुंदर नस्तालीक लिपीत लिहिलेली ओळ तुम्ही पाहिली असेल. ती वाचता न येणारा माणूसही तिच्यासमोर क्षणभर थांबतो. अक्षरांची वळणे, नुक्ते, मधली मोकळी जागा यांनीच त्याचा डोळा सुखावतो. शब्दांचा अर्थ कळण्याआधी आकारांचा आनंद मिळतो. सतारीच्या सुरांचेही तसेच आहे. सुरांत शब्द नसतात, तरी मन भरून येते. गायतोंडे यांच्या पुष्कळ चित्रांत अशाच खुणा दिसतात. कोणत्या तरी अज्ञात लिपीतील अक्षरे रंगात तरंगत आहेत, असे वाटते. ती वाचता येत नाहीत, पण पाहता येतात.

मुंबईत असताना गायतोंडे यांचा स्टुडिओ भुलाभाई देसाई यांच्या नावाने चालणाऱ्या एका संस्थेत होता. ही संस्था वॉर्डन रोडवर, अगदी समुद्राजवळ होती. तेथे कितीतरी कलावंत एकत्र काम करीत. पंडित रविशंकर यांची संगीतशाळा तेथे होती. इब्राहिम अल्काझी तेथे नाटकांच्या तालमी घेत. हुसेन तेथे चित्रे काढीत. पुढे आपल्या नाजूक रेषांसाठी प्रसिद्ध झालेल्या नसरीन मोहम्मदी याही तेथे काम करीत. गायतोंडे त्यांचे मित्र आणि मार्गदर्शक होते. एवढ्या गजबजलेल्या जागेत गायतोंडे मात्र बराच वेळ शांत असत. ते समुद्राकडे तासन्‌तास पाहत बसत, अशी आठवण त्यांना ओळखणारे सांगत.

समुद्राकडे पाहणे हे काम आहे का? चित्रकाराच्या बाबतीत आहे. समुद्राला ठराविक आकार नसतो. सकाळी त्याचा रंग एक असतो, दुपारी दुसरा, ढग आले की तिसरा. पाणी आणि आकाश जेथे मिळतात, तेथे रेषा दिसते. पण जवळ गेले तर ती रेषा कोठेच नसते. गायतोंडे यांनी समुद्राची हुबेहूब चित्रे काढली नाहीत. तरी त्यांच्या कॅनव्हासवर एका रंगातून दुसरा रंग जसा नकळत उगवतो, ते पाहिले की हे डोळे पाहण्यात किती मुरलेले होते, हे लक्षात येते.

१९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. १९७२ मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन भागात एका लहानशा जागेत राहू लागले. तेथेच राहणे आणि तेथेच चित्रे काढणे. ते अविवाहित होते. त्यांची राहणी अगदी साधी होती. पुस्तके, संगीत आणि चित्रपट यांची त्यांना आवड होती. जपानमधील झेन विचार आणि जे. कृष्णमूर्ती यांचे विचार त्यांनी आवडीने वाचले होते. मन शांत ठेवून समोरच्या गोष्टीकडे पूर्ण लक्ष द्यावे, ही या विचारांतील शिकवण त्यांच्या चित्रकलेशी जुळणारी होती.

आता त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीकडे वळू. प्रथम कॅनव्हास तयार करावा लागतो. कॅनव्हास म्हणजे जाड, मजबूत कापड. ते लाकडी चौकटीवर चारही बाजूंनी ताणून बसवतात. नंतर त्यावर पांढरे अस्तर देतात. अस्तर नसेल तर कापड रंगातील तेल शोषून घेते आणि कालांतराने खराब होते. पांढऱ्या अस्तराचा आणखी एक उपयोग आहे. वरचा रंग पातळ असेल, तर उजेड त्यातून आत जातो, पांढऱ्या अस्तरावर आपटून परत येतो आणि रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. गायतोंडे यांच्या चित्रांतील मंद प्रकाशामागे हे साधे कारण आहे.

गायतोंडे तेलरंग वापरीत. रंगाची बारीक पूड जवसाच्या तेलात घोटून तेलरंग तयार करतात. रंग पातळ करायचा असेल, तर त्यात टर्पेंटाइन घालतात. आपण शाळेत वापरतो ते जलरंग पाणी उडून गेले की सुकतात. तेलरंगाचे तसे नाही. तेल उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट होते. पातळ थर सुकायला काही दिवस लागतात, जाड थराला त्याहून कितीतरी अधिक. खालचा थर पुरता सुकण्याआधी त्यावर घाईने दुसरा थर चढवला, तर पुढे चित्राला भेगा पडू शकतात. म्हणून तेलरंगात काम करणाऱ्याला वाट पाहावीच लागते. रंगच त्याला धीर धरायला शिकवतो.

ब्रशाशिवाय गायतोंडे यांची आणखी दोन आवडती साधने होती. एक रोलर आणि दुसरी रंगाची सुरी. रोलर म्हणजे दांडी असलेले फिरते लाटणे. भिंती रंगवणारे कारागीर असाच रोलर वापरतात. रोलर फिरवला की रंगाचा सारखा, पातळ थर पसरतो. त्यात हाताचा फटकारा दिसत नाही. रंगाची सुरी बोथट आणि लवचीक असते. तिने रंग लावता येतो, तसाच खरवडून काढताही येतो. गायतोंडे एक थर देत, त्यावर दुसरा देत, मग सुरीने काही भाग खरवडत. मग खालचा रंग वर डोकावू लागे.

त्यांची आणखी एक युक्ती होती. ते कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवत, त्यावरून रोलर फिरवत आणि मग कागद उचलून घेत. कागदाबरोबर थोडा रंग निघून येई आणि कॅनव्हासवर एक वेगळीच खूण उरे. ही खूण कशी उमटेल, हे आधी पुरते सांगता येत नसे. कधी ती सुंदर उमटे, कधी नको तशी.

येथे चित्रकाराची खरी कसोटी लागते. उमटलेली खूण ठेवायची की पुसायची? ती ठेवली तर तिच्या शेजारी काय हवे? ती पुसली तर तेथे काय उरेल? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नसतात. त्यासाठी कॅनव्हाससमोर बसून पाहावे लागते. एक दिवस पाहावे लागते, कधी कित्येक दिवस. गायतोंडे यांचे बरेचसे दिवस या पाहण्यात जात. काम सुरू करण्यापूर्वी ब्रश, कॅनव्हास, सुरी या साऱ्यांतील शांतता चित्रकाराने आपल्या मनात साठवावी, असे ते मानत. ती शांतता मनात भरली, की मगच हात पुढे होई. खुशनवीस कलम तासतो, शाई घोटतो, कागद नीट करतो आणि अलिफ काढण्यापूर्वी क्षणभर थांबतो. गायतोंडे यांचे थांबणे याच जातीचे होते. फक्त ते फार लांब होते.

पण नुसते थांबून चित्र होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याने सराव केलेला नाही, तो कॅनव्हाससमोर वर्षभर बसला तरी त्याला काही सुचणार नाही. गायतोंडे यांच्या शांत बसण्यामागे अनेक वर्षांची मेहनत होती. रंग किती पातळ करावा, रोलर किती दाबावा, सुरी कोठे थांबवावी, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. त्यामुळे ठरवलेली गोष्ट आणि अचानक घडलेली गोष्ट यांचा मेळ त्यांना घालता येई.

चित्र पूर्ण झाले हे कसे ओळखायचे? घराचे चित्र असेल तर दार, खिडक्या, छप्पर झाले की ते संपले असे म्हणता येते. जेथे वस्तूच नाही, तेथे हे सोपे नसते. एक थर कमी पडला तर चित्र अपुरे वाटते. एक थर जास्त झाला तर आतला उजेड झाकला जातो. नेमके कोठे थांबावे, हे कळणे ही कलेतील अवघड गोष्ट आहे. गायतोंडे थांबत आणि चित्राच्या मागच्या बाजूला सही करीत. सहीमुळेही पाहणाऱ्याचे लक्ष विचलित होऊ नये, असे चित्र समोरून शांत राही. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिले नाही. नाव दिले की पाहणारा चित्रात ते नाव शोधू लागतो आणि चित्र पाहायचे विसरतो.

१९८४ मध्ये दिल्लीत त्यांना मोठा अपघात झाला. ते गंभीर जखमी झाले. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहायचे, रोलर फिरवायचा, सुरी चालवायची, हे सारे अंगमेहनतीचे काम आहे. अपघातानंतर काही वर्षे त्यांना ते करता आले नाही. ज्याचे सारे आयुष्य एका कामाभोवती गुंफलेले आहे, त्याच्या हातून ते काम सुटले तर काय होत असेल, याची कल्पना करा.

गायतोंडे यांनी लहान कागद घेतले आणि शाई घेतली. त्या कागदांवर ते काळ्या रेषा व खुणा काढू लागले. कॅनव्हास नव्हता, तेलरंग नव्हते, उजळणारे थर नव्हते. पण पाहणे त्यांच्यापाशी होते, थांबणे होते आणि मोकळ्या जागेची जाण होती. शरीराला जेवढे झेपेल तेवढ्या आकारात त्यांनी आपले काम चालू ठेवले. पुढे ते पुन्हा तेलरंगांकडे वळले. १९९५ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी रंगवलेला एक कॅनव्हास त्यांच्या उत्तम चित्रांत गणला जातो. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

हयात असताना जाणकारांनी त्यांना मानले, पण सर्वसामान्य लोकांना त्यांचे नाव फारसे ठाऊक नव्हते. त्यांनी स्वतःही प्रसिद्धीच्या मागे धाव घेतली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात त्यांच्या १९७९ सालच्या एका चित्राला २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत मिळाली आणि वर्तमानपत्रांत त्यांचे नाव झळकले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. चित्रकला ही एक प्रक्रिया आहे आणि चित्रकला हेच जीवन आहे, अशा अर्थाचे नाव त्या प्रदर्शनाला दिले होते. कोटींचा आकडा लोकांच्या लवकर लक्षात राहतो. पण त्या चित्राची खरी किंमत ते ज्या दिवसांतून घडले त्या दिवसांत आहे. पुष्कळ चित्रे झटपट काढून विकणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी साधी खोली, थोडी मिळकत आणि वर्षाला पाच-सहा चित्रे एवढेच पत्करले.

मित्रांनो, आपणही पुष्कळ कामे करतो. निबंध लिहितो, गणिते सोडवतो, चित्रे काढतो. काम लवकर संपवले की आपल्याला शाबासकी मिळते. लवकर संपवणे वाईट नाही. पण काही कामे अशी असतात, की त्यांत थोडे थांबावे लागते. लिहिलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. नको असलेला शब्द खोडावा लागतो. असा थांबलेला माणूस दिसला, तर तो रिकामा बसला आहे असे लगेच म्हणू नका. कदाचित त्याचे काम त्याच वेळी सर्वांत जोरात चालू असेल.

मुंबईला जाण्याचा योग आला, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला जरूर भेट द्या. तेथील जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत. ती मांडलेली असतील, तर एका चित्रासमोर उभे राहा. हे काय आहे, असे लगेच विचारू नका. पाच मिनिटे नुसते पाहा. पहिल्या मिनिटाला तुम्हाला एकच रंग दिसेल. हळूहळू त्यामागचा दुसरा रंग दिसू लागेल, मग एखादी खूण, मग तिच्याभोवतीचा मंद उजेड. जे घडायला महिने लागले, त्यासाठी पाच मिनिटे काही फार नाहीत.